मधली लादी

१२ नोव्हेंबर, बुधवार

पोचले एकदाची मुलुंडला! बसवाल्याने सकाळी चेकनाक्यावर उतरवलं, म्हणजे जवळजवळ ढकललंच. मी म्हटलं, मेल्या, म्हातारीला उतरवतोस की गोण टाकतोस? तर क्लीनर म्हणतो, आजी, गोण कशी गुपचूप उतरते. हसूच आलं मला. हजरजबाबी होता मेला.

न्यायला श्रुतिका आली होती, माझी नात. स्कूटरच्या पुढ्यात थापी, हातोडे, दोरी असलं सगळं भरलेली बादली, आणि मागे मी, मांडीवर कोकमांची टोपली घेऊन. सिग्नलला एक रिक्षावाला आमच्याकडे बघतच राहिला. श्रुतू त्याला म्हणाली, काय काका, हत्यारं बघताय की आजी? त्याने मान फिरवली ती सिग्नल सुटेपर्यंत वळवली नाही.

वर आल्यावर आधी तिचे हात बघितले. नारळाच्या सोडणासारखे खरखरीत झालेत. तिची आई हेच हात बघून रडते. मला मात्र काय बरं वाटलं म्हणून सांगू! पवईला कंपनीत होती तेव्हा हात मऊ होते आणि चेहरा सुकलेल्या बांगड्यासारखा. दिवसभर कॉम्प्युटर, गळ्यात पट्टा. मला म्हणायची, आजी, संध्याकाळी मागे वळून बघितलं तर दिवसभरात काय केलं ते दिसतच नाही. मग एक दिवस नोकरी सोडली आणि भांडुपच्या नंदू मिस्त्रीकडे लादी बसवायला शिकायला गेली. बापाने बोलणं टाकलं. माझाच मुलगा, पण डोकं कुठे ठेवलंय देव जाणे. म्हणतो, इंजिनियर केली ती लोकांच्या मोऱ्या करायला? मी म्हटलं, अरे, तुझ्या बापाने जन्मभर गिरणीत ताणे सांधले, त्याच्यावर तू इंजिनियर झालास. तर फोन ठेवला.

हे तिचं स्वतःचं पहिलं काम. नंदू मिस्त्रीने वरचेवर बघायला यायचं, बाकी सगळं तिचं. घर अंबादास म्हणून एका गृहस्थांचं, ते राहतात ठाण्याला. इथे त्यांचा भाऊ राहायचा, तो वारला. आता नवीन लादी घालून भाड्याने द्यायचं आहे. जा-ये कशाला, काम होईपर्यंत तिथेच राहा म्हणाले, म्हणून आम्ही दोघी इथे. चौथा मजला, लिफ्ट आहे, स्वयंपाकघर आहे, बाहेरच्या खोलीत सतरंजी. आतल्या खोलीतली जुनी लादी नंदूच्या माणसांनी आधीच काढून नेली आहे. मला तर राजवाडा वाटला.

ही वहीसुद्धा श्रुतूनेच दिली, बँकेची जुनी डायरी. म्हणाली, आजी, तू दिवसभर बोलणार आणि मी दिवसभर ठोकणार, त्यापेक्षा लिही, माझे कान तरी सुटतील. चौथीपर्यंत शिकले आहे मी. अक्षर अजून वळणदार आहे, कोणीही येऊन बघावं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज पहिली लादी बसली! किती लिहू आणि काय लिहू.

मला वाटायचं लादी भिंतीपासून घालत येतात. तर तसं नाही. ही पोरगी खोलीत दोन दोऱ्या ताणते, उभी आणि आडवी. जिथे एकमेकींना छेदतात तो खोलीचा मध्य. पहिली लादी तिथे. मग चारी बाजूंनी पसरत जायचं, म्हणजे कापलेले तुकडे भिंतीला जातात, नजरेत येत नाहीत. खाली वाळू-सिमेंटचा माल अंथरायचा, पट्टीने सपाट करायचा, त्यावर कोरं सिमेंट भुरभुरवायचं आणि मग लादी ठेवून रबरी हातोड्याने ठोकायची. आवाज ऐकायचा. भरीव आला तर बसली. पोकळ आला तर खाली हवा राहिली, काढून परत घालायची. माठ घेताना आपण टिचकी मारतो तसंच की!

मधोमध माल अंथरून, वर सिमेंट भुरभुरवून ती खाली गेली. वाळूची गोणी वॉचमन लिफ्टमध्ये घालू देत नव्हता. वरून ऐकू येत होतं तिचं भांडण. काय दादा, लिफ्टमध्ये तुमचा बुलडॉग जातो, माझी गोणी नाही चालत? मी म्हटलं भांडू दे, तोवर आपण आपलं काम करू. पहिलं काम पोरीचं, देवाला काही नको? पणती आणली होती गावाहून. लावली आणि त्या सिमेंटावरच ठेवली, अगदी मधोमध, जिथे लादी येणार तिथेच. खिडकीची तावदानं काढलेली, वारा येत होता. ज्योत खिडकीकडे तोंड करून ठेवली आणि विझू नये म्हणून कोकमाची टोपली रिकामी करून वर पालथी घातली. हात जोडले. भात टाकायला आत गेले.

श्रुतू वर आली तशी टोपली उचलली आणि बघते तर काय, पणतीच्या शेजारी सिमेंटात पाऊल! माणसाचं अनवाणी पाऊल, पाचही बोटं. आणि गंमत म्हणजे ते दबलेलं नव्हतं, उठलेलं होतं. तव्यावर भाकरी फुगते तसं खालून वर आलेलं.

मी तर नाचायचीच बाकी राहिले. म्हटलं, चेडवा, लक्ष्मी आली गो तुझ्या कामाला! ती म्हणाली, आजी, तूच पाय दिला असशील. मी म्हटलं, माझा पाय बघ आणि हा बघ, दुप्पट आहे. तर म्हणते, मग लक्ष्मी जरा जास्तच खाल्ल्या-प्यायल्या घरची दिसते. हसून हसून पोट दुखलं दोघींचं.

मग तिने पणती बाजूला केली आणि लादी अलगद पावलावर ठेवली. ठोकली.

आवाज जरा पोकळ आला. म्हणाली, माल कमी पडला असेल, उद्या बघते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मधली लादी काही बसत नाही.

काल काढली, माल भरला, बसवली, पोकळ. आज परत तेच. बाजूच्या चार बसल्या होत्या भरीव, त्या आज पोकळ वाजायला लागल्या. नंदू मिस्त्री येऊन बघून गेला. चांगला माणूस आहे, तंबाखू फार खातो. म्हणाला, माल सुका झालाय, आजीबाईंच्या गप्पा ऐकत कालवला असशील. मी म्हटलं, तू बायकोच्या गप्पा ऐकत शिकवलं असशील. हसला. मग हातोडीच्या दांड्याने ठोकून बघितलं आणि हसायचा थांबला. परत ठोकलं. म्हणाला, हा माल कमी पडल्याचा आवाज नाही. ही खाली खोल जागा असल्यासारखी वाजते. इथे कुठली आली खोल जागा, चौथ्या मजल्यावर!

त्याने लादी उचलली. खाली माल होता तसाच, भरलेला. फक्त वरून ओलसर. घामेजल्यासारखा.

सोलकढी केली होती. मिस्त्रीने दोन वाट्या घेतल्या. श्रुतूने शिवली नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज काम बंद. बिल्डिंगमध्ये रविवारी ठोकाठोक चालत नाही.

श्रुतू दिवसभर आतल्या खोलीत बसून होती. मी म्हटलं, चल, ठाण्याला तळ्यावर जाऊन येऊ, भेळ खाऊ. नको म्हणाली. गुडघ्यावर बसून एकेक लादी टिचकीने वाजवत होती आणि पेन्सिलने खुणा करत होती. पोकळ जिथे लागते तिथे रेघ. संध्याकाळी मला बोलावलं, म्हणाली, आजी, हे बघ कसं आलंय.

रेघा जोडून आकार झाला होता. आडव्या झोपलेल्या माणसाचा. एक हात डोक्याच्या वर ताणलेला.

मी म्हटलं, पूस ते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

लिहिलं म्हणजे डोक्यातलं जरा बाहेर पडेल.

दुपारी खालच्या मजल्यावरची भाविका आली. आमच्या बरोबर खालीच तिचं घर. बाई गोड आहे, ढोकळा घेऊन आली होती, पण आली होती तक्रारीला. म्हणाली, माजी, दिवसभर ठोका, पण दुपारी सासऱ्यांची झोपायची वेळ असते ना, तेव्हा तरी नको. मी म्हटलं, दुपारी आम्ही जेवतो, कोणी ठोकत नाही. ती म्हणाली, कसं नाही? आत्तासुद्धा चालू होतं. बरोबर माझ्या बेडरूमच्या डोक्यावर. थांबून थांबून.

मग बसली आणि तिने सांगितलं. सहदेवभाई म्हणून होते, अंबादासचे मोठे भाऊ, एकटेच. आतल्या खोलीत मधोमध पडले. उठता येईना, हाक मारायला आवाज निघेना. तेव्हा हाताने जमीन ठोकत राहिले. खाली हिला ऐकू येत होतं. पण या बिल्डिंगमध्ये कुणाकडे ना कुणाकडे लादीचं काम चालूच असतं, हिला वाटलं वर पण तेच. दुसऱ्या दिवशीही ठोकणं चालूच. मग हिनेच खिडकीतून वर तोंड करून ओरडून सांगितलं, अरे भाई, दुपारी तरी बंद करा!

आणि ते थांबलं, म्हणाली.

वास आला तेव्हा दार फोडलं. तिथूनच गाडीत घातलं आणि जाळून आले. घरात परत कोणी आलंच नाही. दिवा नाही, दिवस नाहीत, काही नाही. हे सांगताना रडली बिचारी. आपल्याला काय माहीत माजी, आपल्याला काय माहीत, एवढंच म्हणत होती.

ती गेली आणि मग माझ्या लक्षात आलं मी काय करून बसले ते.

आमच्याकडे माणूस गेला की प्राण जिथे गेला त्या जागी पीठ पसरतात. वर दिवा ठेवतात, ज्योत दक्षिणेकडे. त्यावर टोपली पालथी घालतात. मग टोपली उचलून पिठात पाऊल कशाचं उमटलं ते बघतात, पाखराचं की मुंगीचं की माणसाचं. गेलेल्याने सांगायचं, मी अमुक ठिकाणी चाललो. नंतर घरची माणसं पाणी देतात, पिंड देतात, वाटेला लावतात. गावात किती वेळा बघितलं असेन मी हे. आणि मीच, माझ्या हाताने! पीठ नाही, पण तसंच पांढुरकं सिमेंट. तीच जागा, तोच दिवा, तीच टोपली. खिडकी कुठल्या दिशेला ते भाविकाला विचारलं होतं जाता जाता. दक्षिणेला म्हणाली.

मी त्याला हाक मारली. वाटेला लावणारं इथे कोण आहे त्याचं? आणि वर माझ्या नातीने लादी बसवली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

श्रुतूला सगळं सांगितलं. पाया पडायची बाकी राहिले, म्हटलं चल इथून, गावाला जाऊ. आधी हसली, मग चिडली. म्हणाली, पहिलं काम अर्धं टाकून गेले तर पप्पा काय म्हणतील ठाऊक आहे तुला? पोरगी लादी घालते म्हणून नाक्यावरचे मिस्त्री आधीच हसतात, त्यांना पेढे वाटू का? एक काम, आजी. हे एक काम बसलं की मग मला कोणी परत त्या खुर्चीत बसवू शकत नाही.

तिच्या जिवाचं सगळं त्या एका खोलीत अडकलंय.

ती लाद्या आणायला गेली तेव्हा अंबादासला फोन केला. म्हटलं, भावाचं काही करा हो, नुसतं पाणी सोडलंत तरी चालेल, या घरात येऊन सोडा. तो म्हणाला, आजी, तुम्ही लादीचं बघा, भावाचं मी बघून घेईन. आणि ठेवला. परत लावला तर उचलला नाही.

दुपारी जेवताना ऐकलं. मी पण. आतून. टक. टक. थांबून परत. हलक्या हाताने, थकलेल्या माणसाने ठोकावं तसं.

श्रुतूचा घास हातातच राहिला. मी तिचं मनगट धरलं, म्हटलं, बाय माझी, उत्तर देऊ नको.

२२ नोव्हेंबर, शनिवार

दिलं तिने उत्तर.

मी खाली कोथिंबीर आणायला गेले होते. कोथिंबिरीला! आले तर श्रुतू आतल्या खोलीत. मधल्या लादीवर पालथी पडलेली, कान जमिनीला, एक हात डोक्याच्या वर लांब केलेला. हातातली हातोडी हळूच वाजत होती. ती ठोकायची, खालून वाजायचं. ती ठोकायची, खालून.

श्रुतू म्हणून ओरडले. डोळे मिटूनच म्हणाली, आजी, थांब गं. त्याला उठता येत नाहीये. हात दिला पाहिजे.

दंड धरून ओढलं. हलली नाही. माझ्यात ताकद ती किती. तिचा तळवा लादीवर टेकलेला, आणि मला दिसलं — मी खोटं कशाला लिहू — लादी मऊ झाल्यासारखी तिची बोटं आत —

मग एकदम सुटली. उठून बसली. कपडे झटकले.

म्हणाली, अहो आजी, तुम्ही कधी आलात?

अहो म्हणाली. जन्मल्यापासून कधी मला अहो म्हणाली नाही ती.

२३ नोव्हेंबर, रविवार

एकसुद्धा लादी आता पोकळ नाही. सगळ्या भरीव.

ती खूश आहे. भिंतीला टेकून, एक पाय लांब करून बसते. बिनसाखरेचा कोरा चहा मागते. तिला कोऱ्या चहाचा वास सहन व्हायचा नाही.

अंबूला कशाला उगाच फोन करत होतात, म्हणाली. तो नाही यायचा.

फोन केला तेव्हा ती घरात नव्हती. आणि अंबू कोण, हे मी विचारलं नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

डोकं धुवायच्या आधी तेल लावून देते म्हटलं. कसं तरी जवळ घ्यायचं होतं तिला. बसली पुढ्यात. पाठ थंड, घड्याच्या बुडासारखी. तेल चोळलं. मग लहानपणी थोपटायचे तसं थोपटलं पाठीवर.

पोकळ वाजली.

परत थोपटलं. पोकळ. खांद्यापाशी पण. कमरेपाशी पण. माझ्या नातीच्या पाठीतून तो आवाज —

तिने मान वळवली आणि म्हणाली, झालं का हो ऐकून?

२५ नोव्हेंबर, मंगळवार

नंदू मिस्त्री आला. त्याला म्हटलं, ही श्रुतू नाही. तो हातोडीने फिरून फिरून सगळी खोली वाजवत होता. म्हणाला, आजी, नजर लावू नका, पोरगी पक्की मिस्त्री झाली. एक लादी पोकळ बोलत नाही! वाकून तिची पाठ थोपटायला गेला तर ती बाजूला सरकली.

मुलाला फोन केला. त्याला काय सांगू, कुठून सांगू? तिने फोन घेतला माझ्या हातातून. बापाशी बोलली, तिच्याच आवाजात, गोड. पप्पा, चुकले मी म्हणाली. माझा मुलगा फोनवर रडला. रविवारी घरी ये म्हणाला तिला. मला म्हणाला, आई, तू समजावलंस ना तिला? तुझे उपकार.

कोणीच उरलं नाही आता सांगायला.

बाहेरची खोली सुरू केली तिने. मी आत जाऊन मधल्या लादीवर कान ठेवला.

खाली खरडल्याचा आवाज. आणि अगदी बारीक, फडक्यातून आल्यासारखं —

आजी. तू आहेस ना गं?

२६ नोव्हेंबर, बुधवार

लादी फोडली. तिचीच छिन्नी, तिचाच हातोडा. तिने अडवलं नाही. दारात उभी राहून बघत होती. सावकाश हो, हाताला लागेल, म्हणाली.

माल उकरला हाताने. नखं गेली. खाली सिमेंटचा पक्का स्लॅब, त्याच्यावर काळा डाग. संपलं. तिथे पुढे काही नाही. छत आहे ते, भाविकाचं छत.

आणि आवाज त्याच्याही खालून.

धावत खाली गेले. भाविकाच्या घरात शिरले तशीच, हात रक्ताळलेले. तिची बेडरूम. वर बघितलं. पंखा फिरतोय, पांढरा रंग, एक कोळिष्टक. सासरे कॉटवर बसून वरणभात जेवतायत. वर माझी नात कुठे नाही, खाली कुठे नाही. दोन्हीच्या मध्ये जागा ती किती — वीतभर सिमेंट.

म्हटलं, भाविका, ऐक, ऐकू येतंय ना? तिने ऐकलं. खरंच थांबून ऐकलं तिने. मग माझे हात धुवून हळद लावली आणि म्हणाली, माजी, तुम्ही मुलाकडे जा. काम चालू आहे ना वर, त्याचाच आवाज आहे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

खड्ड्यात बसून आहे. पाय आत सोडून. तळवा त्या डागावर टेकला की तिचा हात लागतो. खालून. बोटं तिचीच, खरखरीत. घट्ट धरते.

विचारलं, दुखतंय काय गो? नाही म्हणाली. उठता येत नाही फक्त.

मला घे, हिला सोड, म्हटलं. मोठ्याने म्हटलं. सहदेवा, बाबा, चूक माझी. दिवा मी लावला. मी येते तुझ्या जागी.

दारातून ती म्हणाली, तुमचं वय झालं हो आजी. तुम्ही किती पुरणार.

२८

भात नाही केला. कोण जेवणार.

पाण्याचा तांब्या तिने आणून ठेवला शेजारी. मी ओतला, डागावर. श्रुतूला तहान लागली होती. मुरलं पाणी. सगळं मुरलं. अजून दे म्हणाली.

मुलाचा फोन वाजतोय. तीच उचलते. हो पप्पा. आजी बरी आहे. हो, मी सांगते तिला.

सकाळ

माल कालवलाय तिने. घमेल्यात थापी फिरते त्याचा आवाज. दोऱ्या परत ताणल्या, उभी, आडवी. उद्या रविवार, तिला बोरिवलीला बापाकडे जायचंय. त्याआधी मधली बसवते म्हणाली. काम अर्धं टाकायचं नाही.

माझ्या भोवती माल ओतला. गार आहे. घोट्यापर्यंत.

पाय उचला हो आजी.

नाही उचलणार.

वरून सिमेंट भुरभुरवतेय, चाळणीतून पीठ पडावं तसं. वहीवर पण पडतंय. लादी आणलीय, माझ्या मांडीला टेकवून उभी केलीय, थांबलीय. घाई नाही तिला. पाय उचला. तुम्ही गावाला जा, मी बसमध्ये बसवून देते.

खालून श्रुतू. आजी, नको गं उचलू. तू गेलीस की इथे कोणी —

धरलंय तिने. दोन्ही हातांनी. घोट्याला. मी आहे बाय, मी आहे, मी कुठे जात —

ओढतेय. नाही, ती ओढत नाही, ती वर यायला बघतेय, माझ्या पायाला धरून, आणि मीच खाली — श्रुतू, हळू — हात सोडू नको, हात —